पंचवीस सेकंदांनी एकदा

भांडारात वीस मीटरची एकच केबल उरली होती, आणि ती मागायला काउंटरवर दोघं एकाच वेळी उभे होते.

एक ती. हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयातल्या संगणक विभागातली. त्या पाच मजली इमारतीत कुठलंही मशीन रुसलं, कुठलीही वायर तुटली, की एकच हाक उठायची, "तारवाल्या बाईंना बोलवा!" वय एकोणतीस, चष्मा कायम डोक्यावर आणि तोच शोधत फिरायची सवय. जीभ जरा तिखट होती, पण कामाला वाघ.

दुसरा कोण, ते तिला माहीत नव्हतं. उंच होता, किंचित वाकून उभा होता. बाहेर सकाळपासून भुरभुर चालू होती आणि त्याच्या राखाडी स्वेटरच्या लोकरीवर पाण्याचे बारीक बारीक मणी अडकले होते. तिला उगाचच वाटलं, एक फुंकर मारली तर सगळे उडतील.

"माझी चिठ्ठी आधीची आहे," ती म्हणाली.

"दोन्हींवर आजचीच तारीख आहे, बाई," भांडारपाल म्हणाले.

"पण मी आधी आले ना!"

"खरं आहे," तो शांतपणे म्हणाला. "मी दारातून आत येत होतो, तेवढ्यात या माझ्या बाजूने पळत गेल्या. छान पळतात."

तिने झटकन वळून पाहिलं. ओठ अगदी सरळ होते त्याचे. डोळे मात्र हसत होते…

"तुम्हाला कशाला हवी आहे केबल?" तिने विचारलं.

"आमचं मशीन ओल्या खोलीत आहे. जोडणीचा डबा कोरड्या खोलीत आहे. दोघांची गाठ घालून द्यायची होती. आणि तुम्हाला?"

आता खरं सांगायचं, तर तिला ती केबल कशालाच नको होती. कपाटात असलेली बरी, कधी लागेल सांगता येत नाही, एवढंच. तिच्या कपाटात अशा 'असलेल्या बऱ्या' वस्तूंचे तीन कप्पे भरले होते. पण आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घ्यायचं!

"महत्त्वाचं काम आहे," ती म्हणाली.

"मग न्या तुम्ही. आमच्या ओल्या खोलीला वाट पाहायची सवय आहे." त्याने आपली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. "फक्त वापरा हं तिला. नुसती कपाटात ठेवलीत तर करमायचं नाही बिचारीला."

तो गेला, आणि ती केबलचं वेटोळं पोटाशी धरून तशीच उभी राहिली. त्याला कपाटाचं कसं कळलं?

*

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ते काही खोटं नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, मितभाषी, चष्म्याच्या वरून पाहणारे. डोंगरावरच्या वेधशाळेतून रोज सकाळी फोनवर आकडे यायचे. किती पाऊस, किती वारा, किती दमटपणा. आता ते आपोआप आले पाहिजेत, असा वरून हुकूम होता.

"पण उघड्या इंटरनेटवरून नकोत," साहेब म्हणाले. "वाटेत कुणी डोकावता कामा नये, कुणी आकड्याला हात लावता कामा नये. व्हीपीएन करा. तिकडचं मशीन लिनक्स आहे. पंधरा दिवस देतो."

"बोगदा खणायचा म्हणजे," ती म्हणाली. त्यांच्या विभागात त्याला बोगदाच म्हणत. इकडचं मशीन आणि तिकडचं मशीन, मधल्या साऱ्या जगाच्या पोटातून जाणारी एक बंद वाट, आणि आतलं जे काही ते फक्त त्या दोन टोकांनाच कळायचं.

तिने फोन लावला.

"वेधशाळा," पलीकडून आवाज आला. मग पुन्हा एकदा, "वेधशाळा."

"एकदा सांगितलेलं ऐकू येतं मला."

"सवय आहे. वाऱ्यात आवाज तुटतो, म्हणून इथून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची असते. आकडा चुकला तर खाली कुणीतरी छत्री विसरतं."

तो आवाज… तिने खुर्ची पुढे ओढली.

"तुमचं मशीन कुठे आहे?" तिने सावधपणे विचारलं.

"ओल्या खोलीत."

"आणि जोडणीचा डबा?"

"कोरड्या खोलीत." तो थांबला. मग अगदी हळू आवाजात, "महत्त्वाचं काम झालं का तुमचं, बाई?"

तिने डोळे मिटून घेतले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. फोनवर दिसत नाही, हे किती बरं!

दुसऱ्या दिवशी खात्याची गाडी डोंगरावर सामान घेऊन गेली तेव्हा त्यात केबलचं वेटोळं होतं, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. 'हिला कपाटात खरंच करमत नव्हतं.'

*

मग रोज दुपारी तीन वाजता फोन सुरू झाला.

तो वेधशाळेचा एकुलता एक निरीक्षक. दोन वर्षं डोंगरावर एकटा राहिलेला; कधी कामाने खाली उतरला, तर तेवढ्यापुरता बदली माणूस वर यायचा. मशीनच्या काळ्या पडद्यासमोर बसून दोन बोटांनी टाइप करायचा. ती सांगायची, तो टाइप करायचा, आणि तिने सांगितलेली प्रत्येक ओळ वहीत उतरवून तिला मराठी नाव द्यायचा. मशीनच्या दारावर एक पहारेकरी असतो. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, ते तो ठरवतो. काम चालू असताना त्याची लुडबुड नको, म्हणून पहिल्याच दिवशी तिने त्याला बंद करायची ओळ सांगितली. त्याने वहीत लिहिलं, 'पहारेकऱ्याला रजा देणे.'

"आता दोन किल्ल्या तयार होतील," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्ली मला वाचून दाखवा. चव्वेचाळीस अक्षरं आहेत, एकही चुकवू नका."

"कॅपिटल क्यू. कॅपिटल क्यू. स्मॉल एच. स्मॉल एच. सात. सात…"

"दोनदा कशाला!"

"घाई आहे?"

घाई नव्हती. खिडकीबाहेर रस्ता ओला चकाकत होता, शेजारच्या टेबलावरचा पंखा संथ फिरत होता, आणि एक माणूस लांब कुठेतरी ढगात बसून तिच्या कानात एकेक अक्षर ठेवत होता. चव्वेचाळीस अक्षरं, दोनदोनदा. घाई मुळीच नव्हती.

"पुढचं शून्य आहे की ओ?" तिने विचारलं.

"गोल आहे. थोडंसं पोट सुटलेलं."

"मग ओ."

"तुम्हाला न पाहता कळतं?"

"पोट सुटलेलं म्हणालात ना!" ती हसली. फार दिवसांनी कामावर हसली होती.

"शेवटी बरोबरचं चिन्ह. संपली. आता दुसरी वाचू?"

"नाही! अजिबात नाही. ती कुणालाच सांगायची नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा नाही."

"बरं," तो म्हणाला. "बरं."

सहाव्या दिवशी तिच्या पडद्यावर एक छोटीशी ओळ उमटली. लेटेस्ट हँडशेक, चार सेकंदांपूर्वी. म्हणजे दोन्ही मशीननी एकमेकांना ओळखलं होतं. अशा ओळी तिने शंभरदा पाहिल्या असतील. पण आज ती खुर्चीतून उठलीच.

"झालं! आपलं हस्तांदोलन झालं!"

"आपलं?"

"म्हणजे… मशीनचं."

"मशीनचं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जरा हळूच, "मशीनचं."

ती टेबलावरचं पाणी प्यायली. तहान नव्हती.

"आता एक शेवटची ओळ घाला," ती म्हणाली. "म्हणजे दर पंचवीस सेकंदांनी तुमचं मशीन माझ्या मशीनला एक निरोप पाठवेल."

"काय असतं त्या निरोपात?"

"काहीच नाही. कोरा असतो."

"मग पाठवायचा कशाला?"

"नाही पाठवला, तर तो मधला जोडणीचा डबा विसरून जातो की या वाटेने कुणी बोलत होतं. वाट बुजते. म्हणून मधूनमधून नुसतं सांगायचं… मी आहे."

पलीकडे वारा तेवढा ऐकू येत होता.

"रात्रीसुद्धा?" त्याने विचारलं.

"रात्रीसुद्धा."

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती पंचवीसपर्यंत मोजत होती. पंचवीस झाले की पुन्हा एकपासून. हे वेडेपण आहे, हे तिला चांगलं कळत होतं. पण कळून वळत नाही, अशातलीच ती गोष्ट होती.

*

बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ती साहेबांच्या खोलीत गेली. काम जवळजवळ संपलं होतं. पहारेकऱ्याला रजेवरून परत बोलवायचं, आणि आकडे वेळेवर निघतात की नाही ते पाहायचं, एवढंच उरलं होतं.

"छान," साहेब म्हणाले. "मग एक तारखेपासून तिथे माणूस लागणार नाही. मशीनच सगळं पाठवेल."

"आणि… निरीक्षक?"

"तो चालला बेटावर. समुद्रातलं केंद्र आहे आपलं. बोटीने तीन दिवस लागतात. तीन वर्षांची नेमणूक. त्याचाच अर्ज होता दोन वर्षांपूर्वीचा, परवा मंगळवारी त्याने होकारही कळवला. मी म्हटलं, इथे वर निरीक्षण कक्षातही जागा आहे, विचार कर. उद्या पाचपर्यंत लेखी कळवलं तर होकार मागे घेता येईल. पण नाही घ्यायचा तो. माणसांत रमत नाही म्हणतो."

ती "हो का," म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की ती गेले बारा दिवस मन लावून जो बोगदा खणत होती, त्यानेच त्या माणसाला डोंगरावरून उठवलं होतं. आणि तो? बारा दिवस रोज तासभर बोलला. पावसाबद्दल, पक्ष्यांबद्दल, पोट सुटलेल्या ओबद्दल. बेटाबद्दल अवाक्षर नाही!

तीन वाजता तिने फोन लावला.

"बेटावर चालला आहात म्हणे. अभिनंदन."

वारा. मग, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलंत, एवढं नक्की."

"सांगणार होतो. पण तुम्ही रोज फोन ठेवताना म्हणता ना… एकदाचं हे काम संपलं की सुटले. मग म्हटलं, सुटू द्यावं."

ते तर ती प्रत्येक कामाबद्दल म्हणायची! दळण आणताना म्हणायची, दाढ काढताना म्हणाली होती. पण हे त्याला कसं सांगायचं? सहा वर्षांपूर्वी एका माणसाला स्टेशनवर निरोप देताना ती अशीच उभी होती, सांगायचं सगळं ओठांवर होतं, आणि तोंडातून शब्द निघाले होते, "सावकाश जा." तो सावकाश गेला आणि परत आला नाही.

"आजचं थोडंसंच काम आहे," ती कोरडेपणाने म्हणाली. "ते मी इथूनच करते. तुमची गरज नाही." आणि फोन ठेवला.

मग रागारागाने बोगद्यातून त्याच्या मशीनमध्ये शिरली आणि पहारेकऱ्याला हजर केलं.

एंटर दाबला, आणि पडदा गोठला.

आता हे समजून घ्या. पहारेकरी बसवण्याआधी त्याला सांगायचं असतं, की या या माणसाला आत येऊ द्या. आधी सांगायचं, मग बसवायचं. तिने आधी बसवला. पहारेकरी इमानदार, त्याने बसल्या बसल्या सगळ्यात पहिली हिलाच बाहेर काढली! ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, असली ही चूक. विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती या चुकीवर अर्धा तास भाषण द्यायची.

एक फोन केला असता, तर त्याने वहीतली ओळ टाइप करून दोन मिनिटांत सगळं सरळ केलं असतं. फोन हाताशी होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती उठून पुन्हा साहेबांकडे गेली.

"साहेब, डोंगरावरचं मशीन बंद पडलंय. प्रत्यक्ष जावं लागेल."

साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "फोनवर होण्यासारखं नाही?"

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात साहेबांशी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही किती सहज!

"मग उद्या सकाळच्या बसने जा. मी त्याला कळवतो."

*

"मशीन दुरुस्त करायला जाताय ना, वन्सं?" वहिनीने दाराच्या चौकटीला टेकून विचारलं.

"हो."

"मग तो निळा कुर्ता तिसऱ्यांदा इस्त्री का करताय? मशीनला सुरकुत्या चालत नाहीत का?"

"वहिनी, पुरे हं."

"मी काय म्हटलं? चांगलंच आहे. आजवर मशीनं बिघडली की तुम्ही त्यांना शिव्या देत जायच्या. हे पहिलंच मशीन असं भाग्यवान." ती जवळ आली, चेष्टा थांबवून तिने इस्त्री बंद केली. "काय झालं? डोळे का असे?"

"तो चाललाय, वहिनी. लांब. मी त्याला दोनच मिनिटं पाहिलंय. जाऊ नका म्हणायचा मला काय हक्क?"

"हक्क असला की माणूस मागत नाही, घेतो," वहिनी म्हणाली. "मागायचं असतं ते हक्क नसतानाच. तोंड दिलंय ना देवाने, मग? माझ्याशी तर सकाळ-संध्याकाळ चुरूचुरू बोलता!"

सकाळी निघण्याआधी तिने घरच्या मशीनवरून सहज पाहिलं. सहजच. आणि जागच्या जागी बसली.

लेटेस्ट हँडशेक, एकोणीस सेकंदांपूर्वी.

बोगदा चालू होता! कुणीतरी पहारेकऱ्याला रजा दिली होती. आता डोंगरावर जायचं काही कारणच उरलं नव्हतं. साहेबांना तसा फोन करायचा, आणि दहाला नेहमीप्रमाणे टेबलावर बसायचं.

तिने मशीन मिटलं, निळा कुर्ता घातला आणि बस पकडली.

*

वरच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा एक वाजून गेला होता. सगळीकडे ढगच ढग. झाडं अर्धी दिसत होती, रस्ता चार पावलांपुढे विरघळत होता. आणि त्या पांढऱ्या धुक्यात एक काळी छत्री उभी होती.

"पाऊस नाहीये," ती खाली उतरून म्हणाली.

"माहीत आहे. पण तुम्हाला मी दिसायला हवा ना."

वर पाऊलवाट होती, दगडी पायऱ्यांची, शेवाळाने निसरडी. तो एक पायरी पुढे चालत होता आणि प्रत्येक वाकड्या दगडापाशी थांबून हात पुढे करत होता. तिने दोनदा हात धरला नाही. तिसऱ्यांदा धरला. मग सोडायचा राहून गेला… त्याच्या तळहाताला शाईचा वास होता आणि बोटं थंड होती.

दोघंही फक्त हवेबद्दल बोलले. हवामान खात्यातली माणसं ती, त्यांना तेवढं तरी जमायलाच हवं.

मशीन अजून ओल्या खोलीतच होतं, तिच्या केबलच्या शेवटी. छोटीशी खोली. एक टेबल, काचेवर वाफ, भिंतीशी वह्यांची रांग. तिने गंभीर चेहऱ्याने चष्मा डोक्यावरून खाली ओढला, खुर्ची सरकवली आणि मशीन तपासायला लागली. तो चहाचे दोन पेले घेऊन मागे उभा राहिला. तिने एक ओळ टाइप केली.

लेटेस्ट हँडशेक, अकरा सेकंदांपूर्वी.

आकडा वाढत गेला. पंधरा… वीस…

"मशीन काल संध्याकाळी पाचलाच सुरू झालं," तो शेवटी म्हणाला. "हस्तांदोलन थांबलेलं दिसलं. वहीत पाहिलं, पहारेकऱ्याला रजा दिली. त्यानंतर साहेबांचा फोन आला, की बाई उद्या येताहेत. तेव्हा सांगायला हवं होतं, की गरज नाही. मी 'बरं' म्हणालो. दोनदा."

"मला माहीत होतं," ती पडद्याकडे पाहतच म्हणाली.

"काय?"

"सुरू झालंय ते. सकाळी घरून पाहिलं मी. बसमध्ये बसण्याआधी."

चहाचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"मग आलात कशाला?" त्याचा आवाज एकदम वेगळा होता. फोनवर कधीच न ऐकलेला.

तिने खुर्ची वळवली. आता समोर तो होता, तोच राखाडी स्वेटर, धुक्याचे तेच बारीक मणी. 'सावकाश जा' हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"जाऊ नका," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"मला हक्क नाही. दोन मिनिटं पाहिलंय तुम्हाला, तेही केबलसाठी भांडताना. पण तुम्ही बेटावर गेलात तर मला रोज तीन वाजता काय करायचं ते कळणार नाही. काम संपलं की सुटले, असं मी सगळ्याच कामांना म्हणते, हो! या एका कामातून मला सुटायचं नव्हतं. जाऊ नका ना."

"दोन वर्षांपूर्वी तो अर्ज केला, तेव्हा माणसांचा कंटाळा आला होता मला," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द निवडत. "इथे एकटं राहणं सोपं होतं. मग तुमचे फोन यायला लागले. सकाळी उठलं की मी तीन वाजेपर्यंतचे तास मोजायचो. मला वाटलं, हे एकट्या माणसाचं खूळ आहे, त्या बिचाऱ्या काम करताहेत. म्हणून मंगळवारी होकार दिला. दिला आणि रात्रभर झोपलो नाही."

"मग मागे घ्या!"

"लेखी लागतं. आज पाचपर्यंत. खाली जाणारी पहिली बस साडेपाचला आहे."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. मग मशीनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आणि हसायला लागली.

"बारा दिवस मी काय खणत होते, निरीक्षक?"

त्याच्याही लक्षात आलं. तो टेबलाशी खुर्ची ओढून बसला, अगदी तिच्या शेजारी, आणि दोन बोटांनी अर्ज टाइप करू लागला. विषय, बेटावरील नेमणुकीस दिलेला होकार मागे घेणेबाबत. हुद्दा. दिनांक. एकेक अक्षर शोधत होता. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने त्याला टाइप करू दिलं. घाई मुळीच नव्हती.

'कारण' या शब्दापाशी तो थांबला. बोटं तशीच अधांतरी. बऱ्याच वेळाने त्याने कीबोर्ड उचलला आणि अलगद तिच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही लिहा."

"मी? सरकारी अर्ज आहे तो. साहेब वाचतील!"

"वाचू देत. कारण तुम्हीच आहात. मी लिहिलं तर ते मागणं होईल. तुम्ही लिहिलंत तर मला खात्री होईल."

ती लिहायला लागली, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'वैयक्तिक' लिहिलं, तेही पुसलं. बाहेर ढग काचेला टेकून आत पाहत होते. शेवटी तिने एक श्वास घेतला आणि न थांबता लिहिलं.

'कारण : मी त्यांना थांबायला सांगितले आहे. कळावे. संगणक विभाग.'

एंटर दाबला. अर्ज बोगद्यातून गेला. पावसाचे आणि वाऱ्याचे आकडे नेण्यासाठी केलेल्या त्या वाटेने पहिलीच चीज खाली गेली ती ही.

दहा मिनिटं दोघंही श्वास रोखून बसले. त्याचा हात टेबलावर होता, तिचा त्याच्या शेजारी. मध्ये बोटभर जागा होती… मग तीही राहिली नाही.

उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं.

'कारण पुरेसे आहे. अर्ज मंजूर. निरीक्षकांनी एक तारखेस मुख्य कार्यालयात हजर व्हावे. बाईंना सूचना : भेटीच्या अहवालात "मशीन बंद होते" असे लिहू नये. ते काल सायंकाळपासून चालू आहे. मलाही दिसते.'

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. त्याने तिचे हात चेहऱ्यावरून हळूच बाजूला केले.

"रडू नकोस," तो म्हणाला. आणि पुन्हा, अगदी कानाशी, "रडू नकोस ना."

बावीस वर्षांत त्या वेधशाळेने एकही नोंद चुकवलेली नाही. वादळात घेतली आहे, तापात फणफणत घेतली आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, एकेका रकान्यात शाईने लिहिलेले आकडे. फक्त त्या शुक्रवारचा संध्याकाळी पाचचा रकाना कोरा आहे.